आमटी सांडता कामा नये

आमचं पोळी-भाजीचं काम ठाण्यात, चरईत. दुपारचे पंचविसेक डबे साडेअकराच्या आत घराबाहेर पडावे लागतात. थोडे नौपाड्यात, थोडे पाचपाखाडीत आणि मोठा गठ्ठा वागळे इस्टेटच्या कंपन्यांमध्ये. डबे पोचवणारा मुलगा गावी गेला तो तिकडेच रमला. मग काही दिवस रिक्षा केली आणि महिनाअखेरीस हिशोब मांडला, तर गिऱ्हाइकांपेक्षा रिक्षावाल्यांनाच आपण जास्त जेवू घालतोय असं दिसलं. स्कूटर मला येत नाही आणि शिकायची हौसही नाही. सायकल मात्र शाळेपासून येते. म्हटलं, ओझ्याची सायकल बांधून घेऊ.

बांधून घ्यायची, कारण तयार मिळते ती आपल्या कामाची नसते. डेन्मार्कची, हँडल आणि पुढच्या चाकाच्या मधे फळी असलेली लाँग जॉन, नेदरलँड्सची पुढे लाकडी पेटी असलेली बाकफिट्स, फोटोत फार गोड दिसतात. संध्याकाळी सहा वाजता जांभळी नाक्याच्या भाजी मंडईत ती वळवून दाखवा म्हणावं. मागचं चाक हातभर मागे नेलेली लाँगटेल मला मनापासून आवडली होती, लहान मूलसुद्धा बसेल एवढी जागा मागे. पण आमच्या बिल्डिंगची लिफ्ट चार माणसांची, आणि सोसायटीने मीटरच्या खोलीशेजारी मला जी जागा दिली ती एका साध्या सायकलीपुरती, तीसुद्धा दोन मीटिंगांत भांडून. त्यामुळे लांबी नेहमीच्या सायकलीएवढीच ठेवायची हे पहिल्यांदा पक्कं झालं. म्हणजे सगळी मदार फ्रेमवर आली.

ओझं एका जातीचं असतं तर फार विचार करावा लागला नसता. तेलाचा पंधरा किलोचा पत्र्याचा डबा चौकोनी आणि जड. दळण दहा किलोचं. भाजी पोत्यात, जशी दाबाल तशी बसणारी. गणपतीत केळीची पानं, ती हलकी पण लांबलचक. आणि रोजचे डबे, ज्यांना उभंच राहायचं असतं. पोळी जरा चुरगळली तर कोणी काही म्हणत नाही, आमटी सांडली की मात्र दुसऱ्या दिवशी फोन येतो.

आमच्या गल्लीच्या तोंडाशी सायकलवाले काका बसतात. त्यांना मी विचारलं, कुठली फ्रेम घेऊ? ते चाकाचा आउट, म्हणजे वाकडेपणा, काढत होते. मान वर न करता म्हणाले, "ताई, चालवणार किती आणि ढकलणार किती, ते आधी सांगा."

मला वाटलं थट्टा करतायत. घरी येऊन रोजची फेरी डोळ्यांपुढे आणली, तेव्हा त्यांचं म्हणणं कळलं. मी चालवते ती दोन थांब्यांच्या मधे. उरलेला वेळ सायकल स्टँडवर तरी असते, नाहीतर मी ती हाताने ढकलत असते: गेटमधून आत, पार्किंगमधून लिफ्टपर्यंत, गोखले रोडच्या गर्दीत रिक्षांच्या फटीतून. भरताना हलली तर आमटी गेली. चढता-उतरताना तोल गेला तर मीही गेले. ओझ्याची सायकल ही आधी उभी राहण्याची वस्तू आहे. लोक फ्रेम बघताना ती किती हलकी आहे, गिअर किती आहेत हे बघतात. मी ती उभी असताना कशी वागते ते बघायला लागले, आणि त्या एका निकषाने भराभर नावं कटत गेली.

पहिली सासऱ्यांची ॲटलस. जिन्याखाली होती, काळी, डबल दांडीची, अजून चाकं फिरतात. सासरे तीस वर्षं तिच्यावरून वागळे इस्टेटच्या कंपनीत जायचे. ॲटलसचा साहिबाबादचा कारखाना २०२० मध्ये नेमका जागतिक सायकल दिनी, ३ जूनला बंद झाला, ती बातमी त्यांनी मला मोठ्याने वाचून दाखवली होती. तेव्हा घरातल्या सगळ्यांचं मत हीच घे. आणि घ्यावी अशीच ती आहे. गॅस सिलिंडरवाले बघा, एका भरलेल्या सिलिंडरचं वजन तीस किलोच्या घरात, तसे दोन-तीन आकड्यांना लटकवून ते याच सायकलीवरून नेतात. दूधवाले, पाववाले, शहाळीवाले सगळे हिच्यावरच. त्याला कारणं आहेत. दोन चाकांमधलं अंतर मोठं, पुढचं चाक धरणारा चिमटा चांगला पुढे झुकलेला, त्यामुळे ओझं असलं तरी सायकल सरळ जाते. पुढच्या चाकाला ३२ तारा आणि मागच्या चाकाला ४०, कारण वजन मागे पडणार हे बनवणाऱ्याने आधीच धरलेलं. आणि मागच्या ॲक्सलला तो रुंद पायांचा डबल स्टँड, ज्यावर चढवलं की मागचं चाक जमिनीवरून उचललं जातं.

पण माझी उंची पाच फूट एक इंच. शाळेत आम्ही दांडीखालून पाय घालून हाफ पायडल मारायचो, आता पंचेचाळिसाव्या वर्षी डबे लावून ते करणार नाही. शिवाय एक गोष्ट सायकलच्या दुकानात कोणी सांगत नाही. मागे ओझं बांधलं की पाय मागून टाकता येत नाही. कॅरिअरवर डब्यांची चळत असते, तिच्यावरून तंगडी कशी जाणार? पाय पुढून, दांडीवरूनच न्यावा लागतो. म्हणजे दांडीची उंची ही उंच-बुटक्या माणसाची बाब न राहता ओझ्याची बाब होते. सिलिंडरवाले यावर तोडगा काढतात तो असा की बराच रस्ता ते सायकल ढकलतच नेतात. मला वागळेपर्यंत ढकलायची नव्हती.

ॲटलसच्या नावाविरुद्ध दुसरी गोष्ट ब्रेक. दांड्यांचे ब्रेक आणि स्टीलची चकचकीत रिम, पावसात रिम ओली झाली की रबर नुसतं घसरत राहतं. ठाण्यात चार महिने पाऊस. ब्रेक बदलायचे तर त्या फ्रेमला आधुनिक ब्रेक लावायला खुंट्या नाहीत. सासऱ्यांना मी हे सगळं सांगितलं. ते म्हणाले, "आम्ही पावसात आधीपासून ब्रेक दाबायचो." यावर काय बोलणार!

मग साहजिक लेडीज सायकल. दांडी खाली, साडी नेसूनसुद्धा चढता येते. शेजारच्या वहिनींची मागून आणली, कॅरिअरवर तांदळाची दहा किलोची दोन पोती बांधली, सायकलच्या ट्यूबच्या कापलेल्या पट्ट्यांनी, त्याहून चांगली दोरी अजून कोणी काढलेली नाही. हँडल धरून सायकल जरा डावी-उजवी हलवली. हँडल एकीकडे, पोती दुसरीकडे. चालवल्यावर तर माझ्यामागून कोणीतरी वेगळंच येतंय असं वाटत होतं. वरची दांडी खाली आणली की फ्रेमचा मधला त्रिकोण मोडतो, मग नळ्या पिळवटायला लागतात. हलक्या सामानाला चालेल. पण पीळ आला की डबा हिंदकळणार. समोरच्या नळीपासून थेट मागच्या ॲक्सलपर्यंत दोन बारीक दांड्या जाणारी एक जातही असते, ती बरीच घट्ट असते म्हणतात. ठाण्यात मला ती हाताशी मिळाली नाही.

मुलाची ॲल्युमिनियमची गिअरची सायकल बाल्कनीत होती, डिस्क ब्रेक, पुढे शॉकॲब्सॉर्बर. तिच्यावर फार वेळ घालवला नाही. ब्रेक दाबला की पुढचा चिमटा खाली बसतो, म्हणजे पुढच्या ओझ्याने डोकं टेकवलंच. मागे कॅरिअरचा पाय जिथे बसायला हवा तिथे नेमकं डिस्कचं यंत्र. आणि ॲल्युमिनियमला आपल्या फॅब्रिकेशनवाल्याकडे हात लावता येत नाही. ती फ्रेम कारखान्यात तापवून-मुरवून कडक केलेली असते, वेल्डिंगची आच लागली की त्या जागी तिची ताकद जाते. स्टील वाकलं तर सरळ होतं, चिरलं तर पितळ भरून जोडता येतं, आणि ते करणारा माणूस वागळे इस्टेटमध्ये दर दुसऱ्या गाळ्यात बसलेला आहे. डब्यांचा धंदा एका दिवसाची सुट्टी सहन करत नाही. त्यामुळे फ्रेम स्टीलचीच.

उरली ती रेंजर. आम्ही सगळ्याच जुन्या एमटीबींना, म्हणजे माउंटन बाइकना, रेंजर म्हणतो, कंपनी कुठलीही असो. नव्वदीच्या आसपासच्या आणि नंतरच्या, स्टीलच्या, जाड टायरच्या, पुढे शॉकॲब्सॉर्बर नसलेल्या. या सायकली कुठे मिळतात? घोडबंदर रोडच्या टॉवरांच्या पार्किंगमध्ये जाऊन बघा. खांबाला साखळीने बांधलेल्या, टायर बसलेले, सीटवर बोटभर धूळ, मालकाचा मुलगा अमेरिकेत. सोसायट्या दर दिवाळीच्या साफसफाईला नोटीस लावतात, 'सायकली काढा, नाहीतर भंगारात'. माझ्या एका गिऱ्हाइकाने मला त्यांच्या सोसायटीची तारीख कळवली, आणि मी काकांना घेऊन गेले.

ती सकाळ मला फार आवडली. मी पिशवीत फ्रिजवरचं लोहचुंबक, शिवणाची टेप, दोऱ्याचं रीळ आणि टॉर्च घेतला होता. चुंबक चिकटलं नाही की ती सायकल बाद, ॲल्युमिनियम. मग हँडलखालच्या नळीला जिथे खालचा दांडा जोडतो त्या सांध्याखाली बोट फिरवायचं. एका लाल सायकलीला तिथे रंगाला बारीक सुरकुत्या होत्या. काका म्हणाले, "ही समोरून कुठेतरी धडकलेली आहे." बाकी ती इतकी नीट दिसत होती की मी एकटी असते तर हीच उचलली असती. दुसरीची सीटची नळी आत गंजून धरलेली, दोघांनी लोंबकळून पिळली तरी ढिम्म. खाडीची हवा, पार्किंगचा ओलावा, आणि वर्षानुवर्षं कोणी ग्रीस लावलेलं नाही. माझ्या उंचीला सीट बसवता येणार नसेल तर फ्रेम सोन्याची असली तरी काय उपयोग.

तिसरी हिरवी होती. हिची दांडी मागे उतरती. चपला घालून मी ती दोन पायांत घेऊन उभी राहिले आणि दांडी चांगली चार बोटं खाली राहिली. तिथल्या तिथे काकांनी दोरा काढला. एक टोक मागच्या चाकाचा ॲक्सल जिच्यात बसतो त्या डाव्या खाचेला बांधलं, दोरा पुढे नेऊन हँडलखालच्या नळीला वळसा घातला आणि परत आणून उजव्या खाचेला ताणून बांधला. मग सीटखालच्या नळीपासून दोन्ही बाजूंचा दोरा किती लांब ते टेपने मोजायचं. दोन्हीकडे सारखं आलं तर मागचा भाग सरळ आहे. आमच्यात दोन मिलिमीटरचा फरक आला. काका म्हणाले, एवढा नव्या सायकलीतही असतो.

मग मागच्या खाचा. या फ्रेमच्या खाचा आडव्या, लांब होत्या, म्हणजे चाक पुढे-मागे सरकवून चेन ताणता येते. उद्या गिअर काढून एकच फ्रीव्हील टाकायचं म्हटलं तर चालेल, गिअर ठेवले तरी चालेल. खाचांमधली रुंदी १३० मिलिमीटर. आजकालची १३५ ची चाकं तिथे हाताने जरासं फाकवून बसतात, स्टील असल्यामुळे. जुन्या ॲटलसमध्ये याहून खूप अरुंद जागा असते. पुढच्या चिमट्याच्या टोकांना बोल्टची भोकं होती, मागे मात्र प्रत्येक बाजूला एकच. एक मडगार्डला गेलं की कॅरिअरला काय? यावर काकांनी उपाय काढला तो पुढे सांगते. ब्रेकच्या खुंट्या दोन्ही चाकांना. चाकं २६ ची, ज्यांचं ट्यूब कोपऱ्याकोपऱ्यावरच्या पंक्चरवाल्याकडे मिळतं. हा मुद्दा लोक हसण्यावारी नेतात, पण वागळेच्या कोपऱ्यात साडेबाराला पंक्चर झालं की मला परदेशी मापाचं टायर शोधायचं नाही. शिवाय या फ्रेममध्ये दोन इंचांपर्यंतचं जाड टायर मावतं. जाड टायर, हवा जरा कमी, आणि पेव्हर ब्लॉकवरून डबे खडखडत नाहीत.

सोसायटीने बाराशे घेतले. वॉचमनने वर चहा पाजला.

एकच गोष्ट तिच्यात ॲटलसपेक्षा कमी होती आणि ती मला टेपने मोजून आधीच माहीत होती. पायडलच्या मधल्या दांड्यापासून मागच्या ॲक्सलपर्यंतचं अंतर. ॲटलसमध्ये साडेअठरा इंच, हिच्यात सतरा. दीड इंच काय मोठंसं, वाटेल. पण बाजूला डब्यांचा क्रेट लटकवला की पायडल मारताना टाच नेमकी त्याच्या पुढच्या कोपऱ्याला लागते. क्रेट मागे सरकवावा, तर ओझं ॲक्सलच्या मागे जातं, पुढचं चाक हलकं होतं आणि सायकल ढकलताना डोकं वर काढते. मी हे भरलेल्या पाण्याच्या जारने करून पाहिलं. ॲक्सलच्या पुढे बांधला तर सायकल शहाण्यासारखी, मागे बांधला तर गतिरोधकावर हँडल हातात राहत नाही. म्हणून क्रेट मागे नेला नाही, त्याचा पुढचा खालचा कोपराच तिरका कापून घेतला. टाच तिथून निघून जाते.

कॅरिअर बनवायला वागळेच्या एका गाळ्यात गेले. मालकाने फ्रेम बघितली आणि लगेच म्हणाला, "मॅडम, डायरेक्ट मारतो ना, दोन डाग." काकांनी मला आधीच बजावलं होतं की फ्रेमला वेल्डिंगचा डाग लावू द्यायचा नाही. पातळ नळीवर इलेक्ट्रिक वेल्डिंग मारलं की भोक पडतं, नाहीतर बाजूची जागा कच्ची होते आणि सहा महिन्यांनी तिथूनच चिरते. सगळं बोल्टने आणि क्लँपने बसलं पाहिजे, म्हणजे उद्या डब्यांऐवजी दुसरं काही न्यायचं झालं तर काढून बदलता येईल. मी अडून बसले. शेवटी अठरा गेजच्या पाइपचा सांगाडा झाला, दोन्ही बाजूंना खाली ताटासारख्या चौकटी, वर सपाट जाळी. वरचे पाय सीटखाली क्लँपने. खालचे पाय मात्र त्या एकुलत्या भोकात न घालता एका जाड पट्टीला जोडले आणि ती पट्टी ॲक्सलच्याच नटाखाली घेतली, स्टँडबरोबर. मूळ चाकाचा ॲक्सल त्याला आखूड पडला, म्हणून मागचं चाक नवं बांधलं, ३६ तारांचं, ॲल्युमिनियमच्या रिमचं, लांब नटवाल्या ॲक्सलचं. आणि स्टँड? तो लेडीज सायकलीला येतो तो २६ चा डबल स्टँड, पाय काकांनी जरा फाकवून रुंद केले. रेंजरवर असा स्टँड दिसायला विचित्रच दिसतो. मुलाने पाहिल्यावर तोंड फिरवलं.

पुढे काय लावायचं यावर आमचं थोडं वाजलं. काकांना हँडलवर मोठी टोपली हवी होती. हँडलवरचं ओझं हँडलबरोबर वळतं, आणि सायकल स्टँडवर असताना हँडल आपोआप गरकन फिरतं, सगळं टोपलीबाहेर. परदेशात पूर्वी बेकरीच्या आणि खाटकाच्या सायकलींना पुढचं चाक लहान ठेवून टोपली थेट फ्रेमला जोडायचे, हँडल वळलं तरी टोपली जागची हलत नसे. तसं करायला माझ्या फ्रेमला पुढे क्लँपला पुरेशी जागा नव्हती. मग चिमट्याच्या त्या खालच्या भोकांचा आधार घेऊन छोटी चौकट केली, तिच्यात फक्त पोळ्यांचा डबा आणि केळी, म्हणजे हलकं. चिमट्यापासून खालच्या दांड्यापर्यंत एक स्प्रिंग अडकवली. ती हँडल सरळ धरून ठेवते. चालवताना तिचा त्रास होत नाही.

ब्रेक, केबल, टायर यात सांगण्यासारखं फारसं नाही. पायडलजवळ मोठी चक्री होती ती काढली, लहान ठेवली. खाडीकडून डोंगराकडे सरकलं की वागळेत चढ जाणवतो, तिथे ती कामाला येते. तीन हात नाक्याखालून जाताना मला कुठेही वेगात जायचं नसतं.

आता रोजची मांडणी अशी बसली आहे. डबे खाली दोन्ही बाजूंना समसमान, जेवढे खाली तेवढं बरं. बाजाराच्या दिवशी तेलाचा डबा डावीकडे, दळण उजवीकडे, आणि वरच्या जाळीवर भाजीचं पोतं ट्यूबच्या पट्टीने आवळून. फ्रेम ओझ्याखाली पिळत नाही, स्टँडवर चढवताना मात्र अजून जोर लागतो. फ्रेम, चाक, कॅरिअर, ब्रेक, मजुरी धरून साडेसात हजारांच्या आत सगळं झालं. पावसाआधी काकांनी सीटची नळी काढून आत जवसाचं तेल ओतलं, सायकल उलटी-सुलटी करून सगळ्या नळ्यांतून फिरवलं, आणि पायडलच्या दांड्याखाली पाणी निघून जायला बारीक भोक पाडलं.

गणपतीच्या पानांचं अजून जमलेलं नाही. गुंडाळी सायकलीच्या लांबीने बांधावी तर पाय टाकायला अडचण, आडवी बांधावी तर रिक्षावाले शिव्या घालणार. काका म्हणतात वरच्या जाळीच्या मागे दोन उभे बांबू लावून पानं उभी करू. उभं ओझं वाऱ्याला किती हलतं ते बघायला हवं. एकदा नुसता बांबू बांधून उपवनपर्यंत जाऊन येणार आहे.